समोरची रिकामी जागा

घाटाखालच्या कुंभेरीत आता यकृताच्या शस्त्रक्रियेला कोणी भीत नसे. एके काळी असे रुग्ण शहराकडे धाडले जात, कारण लहान रुग्णालयातून त्यांतले फार थोडे सुखरूप घरी परतत. ते भय हस्तसंस्काराने घालवले होते. महानगरातील एका निष्णात आचार्यांच्या हातांची प्रत्येक हालचाल यंत्राने टिपून ठेवली होती. मनगटांना पट्ट्या बांधल्या, की ती मज्जातंतूंतून दुसऱ्याच्या बोटांत उतरे. शल्यविशारद कोणीही असो, हात आचार्यांचा. फलही तेच.

डॉ. श्रीरंग मणेरीकरांच्या मनगटांवर त्या पट्ट्यांचे वळ कायमचे उमटले होते. आज त्यांच्यापुढे निजणार होते त्यांच्याच थोरल्या बहिणीचे यजमान, केशवराव. यकृताच्या उजव्या भागात गाठ होती.

"आपल्या माणसावर आपण शस्त्र धरू नये म्हणतात ना रे?" वत्सलाताईंनी विचारले.

"हात माझे कुठे आहेत, ताई?"

"म्हणजे तू नुसता उभा राहणार. लहानपणी पंगतीत वाढायची वेळ आली की राहायचास, तसाच."

श्रीरंग हसले. हस्तसंस्काराच्या शोधात वाटा असलेल्या डॉ. मैत्रेयी उपासनी त्या दिवशी रुग्णालय पाहण्यास आल्या होत्या. ताईंनी त्यांनाच गाठले.

"बाई, पट्ट्या काढल्या की याचे हात याला परत मिळतात ना?"

"मिळतात. परडीतली फुलं काढली तरी वास थोडा रेंगाळतो, तेवढंच."

"किती वेळ?"

"ते अजून कुणी पाहिलेलं नाही," उपासनी म्हणाल्या, आणि हे वाक्य आपल्याच कानांना बरे वाटले नाही म्हणून की काय, त्यांनी विषय बदलला.

शस्त्रक्रिया नेहमीसारखी सुरू झाली. देवघरातील नंदादीप तेवावा तसे ते हात स्थिर होते. श्रीरंग त्यांच्याकडे पाहत होते, प्रवाशाने वाहत्या पाण्याकडे पाहावे तसे. गाठ जवळजवळ सुटली. तोच यकृतामागची एक शीर फाटली आणि रक्त उसळून वर आले.

कुंभेरीत असे आजवर कधी घडले नव्हते. आता हात काय करतील? दाबतील, शीर चिमट्यात धरतील. श्रीरंगांनी वाट पाहिली.

दोन्ही हात जखमेतून बाहेर आले. छातीशी एकमेकांत गुंतले. त्या हातांपाठोपाठ सारा देहही एक पाऊल मागे सरला.

"हे काय करताय?" उपासनी भिंतीजवळून म्हणाल्या.

"मी नाही करत."

उपासनींचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. "आचार्यांच्या समोर दुसरा शल्यविशारद उभा असतो. रक्त आवरेनासं झालं की आचार्य हात काढून घेतात, आणि तो पुढे होतो. एकानं थकेपर्यंत ताणायचं नाही, दुसऱ्यानं थांबायचं नाही, अशी त्यांची शिस्त. तिथले रुग्ण त्या शिस्तीनं वाचतात." त्यांनी टेबलापलीकडे पाहिले. "आम्ही हात टिपला. समोरचा माणूस टिपला नाही."

टेबलापलीकडे कोणी नव्हते. अलीकडे फ्लोरिन सिस्टर होत्या. त्यांनी कापडाची घडी करून जखमेत दाबून धरली, पण शीर खोल होती. रक्त त्यांच्या बोटांमधून वर येतच राहिले.

"पट्ट्या सोडा," श्रीरंग म्हणाले.

उपासनींनी त्या सोडल्या. पट्ट्या फरशीवर पडल्या. श्रीरंगांना सारे ठाऊक होते: कोठे बोट घालायचे, कोणत्या दिशेने दाबायचे. तरुणपणी त्यांनी ते स्वतःच्या हातांनी केले होते. त्यांनी उजवा हात पुढे नेला. रक्ताची ऊब हातमोज्यातून बोटांना जाणवली.

हात मागे आला. छातीशी जाऊन विसावला.

त्यांनी पुन्हा नेला. पुन्हा मागे आला, शांतपणे, एखाद्या सुसंस्कृत माणसाने दुसऱ्यासाठी वाट मोकळी करून द्यावी तसा.

"श्रीरंगा," दाराबाहेरून ताईंचा आवाज आला, "उशीर का होतोय रे?"

उत्तर देण्यासाठी त्यांनी मान वळवू पाहिली. ती वळली नाही. त्यांची दृष्टी टेबलापलीकडच्या रिकाम्या जागेवर खिळली होती. तेथून आता कोणीतरी पुढे होईल, या पूर्ण विश्वासाने ते हात जोडून उभे होते.