ओल्या वाळूतली रेघ

फुटबॉल आला तो थेट बोंबलांच्या दोरीवर! एडवणच्या किनाऱ्यावर हंसानं सकाळपासून तोंडात तोंड अडकवून, जोडीजोडीनं टांगलेले बोंबील पटापट वाळूत पडले. तिनं पदर खोचला, चेंडू काखेत मारला आणि धापा टाकत आलेल्या तरुणाची वाट अडवली.

"चेंडू दे ना..."

"आधी बोंबील टांग."

"मला नाय येत."

"खायला येतात ना?"

तो मुकाट्यानं वाकला. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवता अडकवता हळूच म्हणाला, "हेंची बी जोडी लागते... मंग मान्सांचं काय?"

"मान्सांनी आधी नाव सांगावं."

"एकनाथ. तारापूरला अणुकेंद्राचं बांधकाम चाललंय ना, तिथं फिटर हाय."

बापाचं नाव मात्र त्यानं गिळलं. हंसाच्या ते ध्यानातही आलं नाही... ती त्याचे डोळे बघत होती.

मग दर रविवारी चेंडू बरोबर त्याच दोरीकडे येऊ लागला. हंसाचा बाप देवू एके काळचा गोलकीपर. चेंडूचा आवाज ऐकला की लंगडत बाहेर आलाच. एकनाथसारखा ऐकणारा मिळाल्यावर तर त्याला उधाण यायचं. सुकी मासळी घेऊन मुंबईला गेला की तो कुपरेजच्या मैदानावर सामने बघायला जाऊन बसायचा. पायांना नुसत्या पट्ट्या गुंडाळून बूटवाल्या गोऱ्या पलटणींना घाम फोडणारे खेळाडू त्यानं डोळ्यांनी पाहिले होते.

"आताच्या पोरांचे बूट चांगले हायत," तो म्हणायचा, "पन पाय कुठं हायत?"

आणि सगळ्या गोष्टी फिरून एकाच सामन्यावर यायच्या. वीस वर्षांपूर्वी, इथेच, पलीकडच्या गावाशी झालेला. शेवटच्या घटकेला त्या गावच्या कमलाकांतनं मारलेला चेंडू देवूनं छातीशी धरला. कमलाकांत ओरडला, "टाचा रेघेच्या आत! गोल!" सगळ्यांनी खाली पाहिलं, तर लाटेनं रेघ पुसून नेलेली. तेव्हापासून देवू त्या घरचं पाणीही पीत नव्हता.

"हंसा," एका रविवारी एकनाथ पुटपुटला, "मी त्याच कमलाकांतचा..."

तिच्या हातातला बोंबील खाली पडला. "मेल्या! आता सांगतोस?"

"तू आधी मनात भरलीस. बाप मागनं आठवला."

हसावं की रडावं तिला कळेना. या माणसावर तिचा जीव जडला होता, आणि बापाला दुखवून घर सोडणं तिच्यानं होणार नव्हतं. "बाबाला तूच सांग," ती म्हणाली. "लपवलंस तर मी येनार नाय तुझ्यासंगती."

त्यानं सांगितलं. देवूच्या ओठांतली बिडी तशीच विझली. त्यानं रिकाम्या दोरीचे दोन बांबू उपटले आणि गोलाचे खांब म्हणून खाली ओल्या वाळूत रोवले. भरती लागली होती.

"मार. गोल झाला तर पोरगी तुझी. अडवला, तर परत या वाळूत पाय टाकायचा नाय. हंसे, रेघ तू ओढ."

तिनं काठीनं दोन्ही बांबूंमध्ये रेघ ओढली. एकनाथ कानाशी कुजबुजला, "हळू मारू?"

"हळू मारलास तर बाबा तुला मारंल... आनि मी बी."

त्यानं जीव खाऊन मारला. देवू रेघेच्या पुढे झेपावला, गुडघ्यावर आपटला, चेंडू छातीशी घेऊन उठला. अडवला! एकनाथ मान खाली घालून वळला आणि चालू लागला.

हंसा तेवढी बापाकडे बघत राहिली. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही तिला सुचलं नाही. देवूनं तिच्याकडे पाहिलं. मग चेंडू छातीशी तसाच धरून एक पाऊल मागे टाकलं... आणखी एक... त्याच्या टाचा रेघेपलीकडे गेल्या. गोलात मागे सरलेला बाप तिनं जन्मात पाहिला नव्हता.

"ए! जातोस कुठं?" देवू गरजला. "टाचा बघ माझ्या! लाट यायच्या आत बघ!"

एकनाथ धावत आला. "नाय काका, तुमी तर अडवला व्हता..."

"गप! गोलकीपर मी हाय का तू?"

हंसा रडता रडता हसली आणि बापासमोरच एकनाथचा हात धरून मोकळी झाली. तेवढ्यात लाट आली, रेघ पुसून गेली. देवूनं चेंडू एकनाथच्या हातात कोंबला.

"बापाला सांग, गोल झाला," तो म्हणाला. "पन हा. तवाचा नाय!"