वडाखालचा जोड

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की मधल्या टेकडावरच्या जुन्या गढीत चालत जाता यायचं. पण दुपारी चारपर्यंतच. चारला वरच्या वीजघरातून पाणी सुटायचं, वाट बुडायची आणि गढीचं बेट व्हायचं. म्हणून तिथली रीत अशी की, जाणाऱ्यानं चपला काठावरच्या वडाखाली काढून जायचं. राखणदार कोंडीबा साडेतीनला येऊन बघायचा. जोड उरला असेल तर शिंग फुंकायचा, नसेल तर सरळ घरी जायचा.

कोरेगावचे पेन्शनर सुभेदार हंबीरराव एकदा बायकोला घेऊन तिथं गेले. आक्काताईंचं माहेर त्याच पाण्याखाली गेलेलं. गढीतली देवी तेवढी वर राहिली होती, आणि तिची ओटी भरायची आस त्यांना कैक वर्षं होती.

बाहेर ऊन रखरखत होतं, पण गढीत शिरताच अंगावर गारठा आला. ओल्या चिखलाचा नि वटवाघळांचा वास. मागं कुणीतरी चालत होतं... पचक... पचक... हंबीररावांनी वळून बघितलं. कुणी नव्हतं.

"चल बिगीबिगी," ते हळूच म्हणाले.

"तुमी व्हा फुडं. मी ओटी भरून आलेच."

गडी फौजेतला खरा, पण खोटं कशाला बोला, त्यांना तिथं उभं राहवेना. ते काठावर आले. बायकोच्या नव्याकोऱ्या चपला कुत्र्यानं पळवायला नकोत म्हणून त्यांनी दोन्ही जोड उचलले, जीपमध्ये टाकले आणि सीटवर जरा टेकले. डोळा लागला.

शिंगानं ते दचकून उठले. किती वेळ वाजत होतं कोण जाणे! वाट बुडाली होती आणि आक्काताई कमरेइतक्या पाण्यातून चाचपडत येत होत्या.

"अगं ए, थांबू नगंस!" ओरडत सुभेदार अनवाणी पाण्यात घुसले. दंड धरून त्यांनी बायकोला काठावर ओढलं आणि तिथंच बसून लहान पोरागत रडले.

"उशिरानं का हुईना, शिंग ऐकलं म्हून उठले," आक्काताई धापा टाकत म्हणाल्या. "न्हाईतर आईफुडं बसलेच हुते. येळ कळलाच न्हाई."

हंबीररावांनी कोंडीबाचे हात धरले. "लय उपकार झाले गड्या! पर... चपला तर मी उचलल्या हुत्या. तुला कळलं कसं?"

"आवं सुभेदार, थट्टा करताय व्हय? जोड दिसला म्हून तर फुंकलं. त्यो काय..."

वडाखाली बायकी चपला होत्या. जुन्या घाटाच्या, जाड चामड्याच्या, ओल्याचिंब.

आक्काताई वाकून बघत राहिल्या. "असल्या... आमच्या गावात घालायच्या बाया."

मग आक्काताईंनी करंड्यातलं उरलेलं कुंकू त्या चपलांना वाहिलं, हात जोडले आणि नवऱ्याला घट्ट धरून जीपमध्ये बसल्या. जीव वाचला होता. दोघांनाही दुसरं काही नको होतं.

कोंडीबा मात्र घरी गेला नाही. जोड उरला होता ना! जीप घाट चढेपर्यंत त्यांना मागं शिंग ऐकू येत होतं.