न वाळणारं झाड

बसा, यशवर्धनजी. धुक्यानं तुमची गाडी अडकवून ठेवली, हात किती गार पडलेत. आधी चहा घ्या. लाइट गेलीय, हा चार्जिंगचा दिवा तेवढा आहे. तुमचे बाबा आत आहेत, तुमची आई त्यांच्या उशाशी आहे. भेटवते मी. पण आत जाण्याआधी माझं थोडं ऐकून घ्या.

मी क्षितिजा. हा वृद्धाश्रम माझी सुनंदामावशी चालवते. शेवटच्या आजारातल्या माणसांची काळजी कशी घ्यायची, ते मी स्कॉटलंडात शिकले. तिथेच राहा म्हणत होते लोक. पण मला वाटायचं, आपल्या गावातल्या म्हाताऱ्यांनाही भीतीशिवाय मरता आलं पाहिजे. अजूनही वाटतं. आज जरा जास्तच वाटतं.

सुरुवात अगदी साध्या कामानं झाली. डिसेंबरात मी सियागंजाच्या बाजारात प्लास्टिकचं क्रिसमस ट्री घ्यायला गेले.

हा आश्रम मुळात काढला मनोरमा सिस्टरनी. त्या ख्रिस्ती होत्या. नाताळला त्या आवारातल्या सुरूच्या झाडाचा शेंडा उतरवायच्या आणि वाळूच्या बादलीत रोवून वॉर्डात ठेवायच्या. त्या गेल्या, तरी रीत राहिली. सुरू तुम्ही ऐकलाय का वाऱ्यात? बाकी झाडं सळसळतात. सुरू श्वास घेतो... सूंऽऽ करून, लांबवर कुणी झोपल्यासारखा.

जानेवारीत तो शेंडा वाळायचा. काड्या गळून फरशीवर तपकिरी सडा पडायचा. आणि त्याच सुमारास वॉर्डातलं कुणीतरी एक जण शांतपणे, झोपेत जायचं. मावशी म्हणायची, "झाड एकाला सोबत करतं गं." कुणाला त्याची भीती नव्हती. उलट म्हातारी माणसं आपसात पैजा लावायची, यंदा कुणाचा नंबर म्हणून.

मला संताप आला. थंडीत म्हातारी माणसं जातातच, त्यात झाडाचा काय संबंध? आणि मरणाच्या दारातल्या माणसांसमोर एक जिवंत फांदी कापून आणायची, ती रोज थोडी थोडी मरताना त्यांना दाखवायची, ही कसली रीत? मी मावशीशी भांडले. शेवटी ती म्हणाली, "आण बाई तुझं नकली झाड. तू शिकलेली, मी काय बोलू."

दुकानदार खुशीत होता. "दीदी, लाइफटाइम माल आहे. वाळणार नाही, झडणार नाही. इसको क्या होना है! हे तर तुमच्या-माझ्या नंतर पण असंच उभं राहणार."

मी हसले. मला हवं होतं तेच तो सांगत होता.

वॉर्डात झाड उभं केलं तेव्हा पहिली टिंगल तुमच्या बाबांनी केली. "क्षितिजाबाई, हे झाड आहे की बाटली घासायचा ब्रश?"

तुमची आई म्हणाली, "अहो, पोरीनं हौसेनं आणलंय."

"मग आम्ही कुठे नाही म्हणतो? पण याला पाणी कोण घालणार?"

तुम्हाला काय सांगायचं, ते स्वतःला 'आम्ही'च म्हणतात. पणजोबा होळकरांच्या घोडदळात होते, ही गोष्ट आश्रमातल्या मांजरालाही पाठ आहे. आम्ही चहा घेऊ, आम्हाला उन्हात न्या. मावशी रोज चिडवायची, "आम्ही म्हणजे किती जण, दौलतरावजी? कप किती लावू?" आणि ते मिशीला हात लावून म्हणायचे, "एकच. पण पुरता."

झाडाचा स्टँड दुसऱ्याच दिवशी तुटला. मी ते जुन्याच वाळूच्या बादलीत रोवलं, तुमच्या बाबांच्या पलंगाशेजारी. आणि ते रोज सकाळी तांब्याभर पाणी त्या वाळूत ओतू लागले. मी म्हटलं, "बाबासाहेब, प्लास्टिक आहे ते." म्हणाले, "असू द्या. उपाशी उभं केलंय बिचाऱ्याला."

गंमत वाटली. बादली कधी भरून वाहिली नाही, हे मात्र तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

संक्रांत झाली आणि त्यांची छाती भरली. डॉक्टर म्हणाले, आता दवाखान्यात हलवून उपयोग नाही, आजचा दिवस जेमतेम. तुम्हाला पहिला फोन केला तो तेव्हाच. तुमच्या आईनं तुळशीचं पान ठेवलं, गंगाजल घातलं. मी त्यांचा हात धरून बसले. हेच तर मी शिकून आले होते. दुपारी श्वास लांबला, मग थांबला. मी नाडी पाहिली. नव्हती.

तेवढ्यात पलंगाशेजारून आवाज आला. सूंऽऽ.

पंखा बंद होता. खिडक्या लावलेल्या होत्या. त्या प्लास्टिकच्या काड्या थरथरत होत्या... आणि तुमच्या बाबांनी श्वास घेतला.

पुन्हा तेच. श्वास थांबायचा, झाड सूंऽऽ करायचं, श्वास परत यायचा. तो दिवस गेला, त्यानंतरचेही गेले. पोटात अन्न नाही, पाणी नाही. पाय मात्र सारखे हलत होते, अंथरुणातच कुठेतरी चालत निघाल्यासारखे. त्या तगमगीनं सगळा वॉर्ड जागा होता. कुणी कूस बदलायचं, कुणी उठून बसायचं, कुणी उगाच दार उघडून बघायचं. मीही येरझाऱ्या घालत होते. एका जागी थांबवेना.

ते काहीतरी पुटपुटायचे. मी कान लावला. "वाळू... वाळू..."

मला वाटलं, बादलीतल्या वाळूला पाणी घातलं नाही म्हणून जीव अडकलाय. मी तांब्या भरला आणि ओतला. झाड सूंऽऽ करून हललं. ते ताठ झाले, डोळ्यांतून पाणी आलं. पुन्हा, "वाळू..." मी पुन्हा ओतलं.

तुमच्या आईनं माझा हात धरला. "बस कर गं. वाळू नाही मागत ते. वाळू द्या म्हणताहेत... झाड वाळू द्या."

आम्ही दोघी त्या हिरव्यागार झाडाकडे बघत राहिलो. ते कसं वाळणार होतं?

मग मी माझ्या मतानं एक केलं. काल सकाळी धुक्यात कचऱ्याची गाडी आली. मी झाड वाळूतून उपटलं. आणलं तेव्हा एका हातात मावलं होतं. काल दोन्ही हातांनी उचलेना. फरफटत दारापर्यंत नेलं.

गाडीवरच्या माणसानं बघितलं आणि म्हणाला, "मैडम, ये सूखे में नहीं जाएगा. गीले में डालो."

"प्लास्टिक आहे भिया."

"प्लास्टिक है तो टपक क्या रहा है?"

बुंध्याच्या तारेतून थेंब थेंब गळत होतं. "धुकं आहे," मी म्हटलं. त्यानं खांदे उडवले आणि झाड ओढून सुक्या कचऱ्यात ढकललं. गाडी वळणावर दिसेनाशी झाली. मला हलकं वाटलं. वाटलं, आता सुटले ते.

वॉर्डात आले. तुमच्या बाबांचे डोळे उघडे होते. कितीतरी दिवसांनी स्वच्छ आवाजात म्हणाले, "आम्ही कुठे चाललोय? गाडी फार हलते."

तुमची आई रडू लागली. तिला वाटलं, मरणाची वाट दिसतेय. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं.

दुपारी म्हणाले, "अंधार आहे. वरून टाकताहेत... अजून टाकताहेत." त्यांच्या तोंडाला वास येत होता. आजाराचा नाही... साली, ओला पुठ्ठा, आंबलेलं दूध. मी कापसानं ओठ पुसले तर कापूस काळा झाला.

आज सकाळी म्हणाले, "आता निवडताहेत आम्हाला."

मी स्कूटी काढली. कचरा निवडतात त्या केंद्रावर गेले, फाटकावर हातापाया पडले. हिरवं झाड, एवढं एवढं, कुठे आहे? एक जण मला आत घेऊन गेला. मोठं यंत्र चालू होतं. कान फुटतील असा आवाज. पलीकडे पोत्यांची चळत. त्यानं एका पोत्यात ओंजळ घातली आणि माझ्यापुढे धरली. हिरवे, मोहरीएवढे दाणे.

"सब मिक्स हो गया, दीदी. दाना बन गया. आधा माल तो निकल भी गया."

"कुठे गेला?"

"अब क्या बताऊँ? फॅक्टरी-फॅक्टरी जाता है. बाल्टी बनती है, खुर्ची, मग्गा... सब बनता है."

मी परत कशी आले, आठवत नाही. वाटलं होतं, निदान सगळं संपलेलं असेल. लाइट नुकतीच गेली होती. तुमचे बाबा शांत पडले होते. पाय थांबले होते. श्वास चालू होता, पण तो एक श्वास नव्हता... पोत्यातून दाणे ओघळावेत, तसा बारीक, अनेक जागी.

जे रोज बोलतो तेच तोंडून निघालं. "बाबासाहेब, चहा घेणार?"

"आम्ही घेऊ."

आणि मावशी दारातून, रडत होती तरी, निव्वळ सवयीनं बोलून गेली, "आम्ही म्हणजे किती जण?"

ते मिशीला हात लावणार, एकच म्हणणार, म्हणून आम्ही तिघी बघत राहिलो. त्यांचे ओठ हलले.

"थांबा," म्हणाले, "मोजतोय."

ती पुटपुट येतेय ना दाराआडून? तुम्हाला मघापासून जप वाटत असेल. तो जप नाही. आणि मध्ये मध्ये जे 'हं' ऐकू येतंय, ती तुमची आई. प्रत्येक आकड्याला ती हुंकार देतेय, एकही राहून जाऊ नये म्हणून. तिचा आवाज बसत चाललाय.

चहा राहू द्या आता, यशवर्धनजी. आत जा... तिला जरा विसावा द्या.