फोकसच्या अलीकडे

त्या शनिवारी मी हार्डवेअरच्या दुकानात गेले होते ती पत्रा कापायची चकती आणायला. दुकानदार ओळखीचा. मी लॅबमध्ये दातांच्या कवळ्या बनवते हे त्याला ठाऊक आहे, म्हणून त्याने विचारलंच, "काय हो, एवढी मोठी कवळी कुणाची घेतलीत अंगावर?" मी म्हटलं, "कवळी नाही, दुर्बीण कापायचीय." त्यावर "म्हणजे शेजारी अर्धेच दिसतील!" म्हणून तो खोकला येईपर्यंत हसला. मीही हसतच घरी आले. हे एवढ्यासाठी सांगते, की त्या दिवशी माझ्या मनात वाकडंतिकडं काही नव्हतं. उलट बऱ्याच महिन्यांनी मी खुशीत होते.

दुर्बीण बाबांची. बाबा कारखान्यात टर्नर होते आणि निवृत्त झाल्यावर त्यांना आकाशाचा नाद लागला. दुर्बिणीचा आरसा त्यांनी स्वतः घासला. एका पिंपावर काच ठेवून अख्खा हिवाळा ते तिच्याभोवती गोल गोल फिरत होते. त्या आरशाला त्यांनी लोखंडी पत्र्याची लांब नळी केली. आरसा तळाशी, वरचं तोंड उघडं. उजेड वरून आत शिरतो, आरशावर आपटून परत वर येतो आणि तोंडाजवळच्या छोट्या आरशावरून बाजूला वळतो. डोळा लावायचा तो तिथे, बाजूला. बाबा तारे दाखवत आणि मी बघत असे. ताईला या कशात रस नव्हता. तिला शुक्र कुठला आणि विमान कुठलं हेसुद्धा कळायचं नाही.

तरी जाण्याआधी बाबा माझ्यासमोर म्हणाले, "दुर्बीण थोरलीला."

ते माझ्या आत कुठेतरी रुतून बसलं. मग बाबा गेले. गच्चीवर, दुर्बिणीशेजारच्या स्टुलावर बसल्या बसल्या. हृदयाचा झटका, असं डॉक्टर म्हणाले. दुर्बीण ताईकडे गेली.

आणि एक दिवस ताई स्वतःच टेम्पो करून ती घेऊन माझ्या दारात उभी. भावोजींनी नळी उचलून आत आणली आणि चहाही न घेता ते खाली जाऊन थांबले. ताई म्हणाली, "तुझीच आहे गं ही. मला काय कळतंय त्यातलं? आनंदाने घेतेयस ना? तसं म्हण बघू."

"आनंदाने घेते," मी म्हटलं, आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात गार होता, पण तेव्हा मला वाटलं, हवेतल्या थंडीने असेल.

मला त्या दुर्बिणीला कॅमेरा लावायचा होता. कॅमेऱ्याला तारा स्पष्ट दिसायचा तर आरसा थोडा वर सरकवावा लागतो, म्हणजे नळी खालून कापून आखूड करावी लागते. आणखी एक अडचण होती. डोळा लावायची जी छोटी नळी असते, जी आत-बाहेर सरकवून तारा स्पष्ट करायचा, म्हणजे फोकस करायचा, ती बाबांनी रिव्हेट मारून कायमची एका जागी ठोकून टाकली होती. असं कुणीच करत नाही. मी त्यांना विचारलंही होतं एकदा. "एकदा फोकस जुळला की हलवायचं नाही," एवढंच ते म्हणाले होते, आणि विषय बदलला होता.

कापण्याआधी मी ताईला फोन केला. बाबांची वस्तू, शेवटी.

"काप गं बिनधास्त," ती म्हणाली. "बाबा काय बघायला येणारेत?"

रविवारी दुपारी मागच्या बाल्कनीत बसले. आरसा काढून जुन्या चादरीत गुंडाळून पलंगावर ठेवला. डोळ्यांना चष्मा, तोंडाला मास्क. आधी ड्रिलने रिव्हेट उडवायला घेतले. त्यातले काही काळवंडलेले होते, आणि काही नवेकोरे, चकचकीत. म्हटलं, बाबांनी कधीतरी बदलले असतील. मग मोठ्या नळीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून रेघ मारली आणि ग्राइंडर सुरू केला. ठिणग्यांचा फवारा उडाला. नळी मोठ्याने ओरडायला लागली. पत्रा कापताना आवाज होतोच. पण मी ग्राइंडर बंद केला, त्याची चकती थांबली, आणि नळी तशीच घुमत राहिली... हळूहळू, एखाद्याने बोलता बोलता श्वास संपून थांबावं तशी ती थांबली.

मास्क काढला तेव्हा वास आला. जळक्या रंगाचा यायला हवा होता. पण हा वास माझ्या रोजच्या ओळखीचा होता. लॅबमध्ये दुरुस्तीला जुन्या कवळ्या येतात, त्यांची डबी उघडल्यावर येतो तो. खूप वेळ बंद असलेल्या तोंडाचा वास.

मी नळी आतून फडक्याने पुसली, आरसा बसवला, आणि दिवेलागणीला दुर्बीण गच्चीवर नेली.

आकाशात अजून निळसर उजेड होता. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी टीव्ही चालू होता. पश्चिमेला एकच चांदणी ठळक दिसत होती. तिच्यावर दुर्बीण रोखली आणि डोळा लावला.

फोकस अजून जुळलेला नव्हता. अशा वेळी तारा टिंबासारखा दिसत नाही, फुगून त्याची उजेडाची गोल थाळी होते. त्या थाळीत नळीच्या तोंडाशी जे जे असेल त्याची सावली दिसते. मधल्या छोट्या आरशाचा काळा ठिपका दिसतो, त्याला धरणाऱ्या पट्ट्यांच्या रेघा दिसतात. ते सगळं दिसत होतं. पण थाळीच्या कडेला आणखी काहीतरी होतं. चार लहान, गोलसर उंचवटे, एकाला एक लागून.

पत्र्याची कड राहिली असेल म्हणून मी डोळा न काढता हात वर नेला आणि नळीच्या तोंडाच्या काठावरून बोट फिरवलं. काठ गुळगुळीत होता. थाळीत माझ्या बोटाची सावली आली आणि सरकत सरकत त्या चार उंचवट्यांपाशी पोचली...

आणि ते उंचवटे बाजूला सरकले. गर्दीत कुणी बसायला जागा करून द्यावी, तसे.

मी मागे झाले. गच्चीवर कुणी नव्हतं. वाळत घातलेली एक चादर, पाण्याची टाकी, आणि मी. दुर्बिणीचं तोंड आभाळाकडे, रिकामं. पुन्हा डोळा लावला. आता मला नीट कळलं, ती बोटं होती. कुणीतरी नळीच्या काठाला धरून आत वाकावं, तशी. माझ्या मनात पहिल्यांदा बाबा आले, खोटं कशाला सांगू. मी घाबरले नसते. पण बाबांच्या उजव्या हाताची तर्जनी यंत्रात अर्धी गेली होती आणि डावा हात जाडजूड होता. ही बोटं लांब होती. चारही पूर्ण.

टोपण लावलं, खाली आले, घरातले सगळे दिवे लावून ठेवले.

सकाळी उजेडात बघितलं तर काठावर काही नव्हतं. माणूस स्वतःची समजूत घालण्यात पटाईत असतो. भिंगावर धूळ असेल, डोळ्यांवर ताण आला असेल... संध्याकाळी मी परत गच्चीवर गेले. आज थाळीत अख्खा पंजा होता, मनगटापर्यंत. आणि त्याच्या मागे थाळीचा एक मोठा तुकडा काळा होत चालला होता. डोक्याएवढा.

मी डोळा काढला. पण कान तिथेच राहिला, त्या छोट्या नळीजवळ. आतून आवाज आला. अगदी हळू, जवळचा, प्रेमाचा.

"धाकटे... घरात अजून कोण आहे गं?"

तो आवाज ताईचा होता.

का कोण जाणे, पण मला आतून कळलं की या प्रश्नाला नाव सांगायचं नसतं. "कोणी नाही," मी म्हटलं. "मी एकटीच असते." मग ज्या भिंगाला मी डोळा लावत होते, त्यावर वाफ धरली. आतल्या बाजूने.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून दुपारीच निघून मी ताईचं घर गाठलं. मुलं शाळेत होती, भावोजी कामावर. ताई पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी दारातूनच म्हटलं, "ताई, ते रिव्हेट तू काढले होतेस ना? आणि परत नवे ठोकलेस?"

तिने मुलाचा शर्ट हातातून ठेवला नाही. कॉलर सरळ करत विचारलं, "किती दिसतंय?"

"म्हणजे?"

"मला बोटंच दिसली होती... तुला?"

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. वाटत होतं, ती म्हणेल, काय वेड्यासारखं बोलतेस. म्हणायला हवं होतं तिने.

"पंजा," मी म्हटलं. "आणि डोकं. आणि ताई, तो तुझ्या आवाजात बोलतो."

आता मात्र ती रडायला लागली. आवाज न करता, शर्ट तोंडाशी धरून. "माझ्याशी बाबांच्या आवाजात बोलला. घरात अजून कोण आहे, विचारत होता. रोज. मी फोकस हलवून बघितला हीच चूक झाली, परत ठोकून टाकला तरी आवाज थांबेना. भांडी घासताना, आंघोळीला गेले की..."

"आणि तू माझं नाव घेतलंस."

"मग कुणाचं घेऊ?" ती एकदम ओरडली. "मुलांचं घेऊ? माझ्या पोटची दोन मुलं आत झोपलेली असायची. तुझ्यामागे कोण आहे? ना नवरा, ना मूल. तुझ्यापाशी येऊन ते संपेल, असं वाटलं मला."

हे ती इतक्या सहज बोलली, की तिने ते मनात कितीतरी वेळा बोलून पाहिलं असणार. मी तिच्याकडे बघत राहिले. लहानपणी तापात रात्रभर माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवणारी, शाळेत माझ्या वाटची छडी खाणारी माझी ताई. तिने हिशेब केला होता, आणि त्या हिशेबात मी उरत नव्हते.

"मला आनंदाने घेते म्हणायला लावलंस," मी म्हटलं.

"बाबांनी मलाही लावलं होतं." तिने डोळे पुसले. "तुला काय वाटलं, दुर्बीण थोरलीला का? लाडकी तू. आकाश कळतं तुला. मग मला का? मला जवळ बोलावून म्हणाले, थोरली, तू खंबीर आहेस. मला केवढा अभिमान वाटला होता, माहितीय? आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तुझ्याआधी मला काही दिलं... तुला वाचवायला दिलं, हे नंतर कळलं."

मी उठले. ती मागून म्हणाली, "तू कुणाचं नाव घेतलंस?"

"कुणाचंच नाही."

"घेऊ नकोस," ताई म्हणाली, आणि हात जोडले. मोठी बहीण धाकटीला हात जोडते, हे मला बघवलं नाही. मी निघाले.

घरी येऊन दुर्बीण खोलली. आरशावर ग्राइंडर चालवला. बाबांच्या अख्ख्या हिवाळ्याच्या कष्टांची काच होती ती. चकती टेकताच उभी तडकली. तुकडे गोळा करून पुरले. नळीची दोन्ही तोंडं पत्र्याने बंद करून चहूबाजूंनी रिव्हेट ठोकले. त्यानंतर आवाज आला नाही. आंघोळीला गेले तरी नाही, भांडी घासताना नाही. मी नीट झोपायला लागले. ताईशी बोलणं मात्र बंद झालं ते झालंच. तिचे फोन यायचे, मी घेत नसे. कधी कधी वाटायचं, घ्यावा. मग ते "तुझ्यामागे कोण आहे" आठवायचं.

परवा तिचा फोन आला आणि का कुणास ठाऊक, मी घेतला. मी लॅबमध्ये होते, सकाळपासून तिथेच, पाच-सहा जणांच्या मध्ये बसून कवळ्या घासत.

"तुझा राग समजते मी," ताई म्हणाली. आवाज दुखावलेला होता. "पण मघाशी दारापर्यंत आलीस तर आत तरी यायचंस. मी स्वयंपाकघरात होते, तुझा आवाज ओळखला, हात धुऊन बाहेर येते तोवर गेलीससुद्धा."

माझ्या हातातली कवळी खाली पडली.

"आणि माझ्यावर राग तर माझ्यावर काढ ना. मुलांना कशाला? नावं काय तुमची, म्हणून विचारत होतीस. परक्यासारखं. धाकटा रडायला लागला, मावशी आपल्याला विसरली म्हणून."

"ताई..." मी म्हटलं. "ताई, नीट आठव. त्यांनी... त्यांनी नावं सांगितली का?"

"म्हणजे काय?" ताई म्हणाली. "सांगणार नाहीत तर काय! मावशी आहेस तू त्यांची."