जिभेवरचा गारवा

रिपोर्ट चुकला असावा, असं आहारतज्ज्ञ बाईंना आधी वाटलं. त्यांनी तो पुन्हा वाचला. आतड्यांना सूज नव्हती. जवळजवळ शून्य.

आणि पेशंट तर तीन महिन्यांत सात किलोंनी उतरली होती.

पेशंट एकतीस वर्षांची, जुन्या पुस्तकांची बांधणी करणारी. आतड्यांच्या सुजेचा आजार तिला आठ वर्षांपासून होता. गेलं दीड वर्ष तो शांत होता. मग अचानक जुलाब, पोटात मुरडा, अशक्तपणा. सोमवारी डॉक्टर तिला जास्त कडक औषध सुरू करणार होते. ते लागू पडलं नाही, तर आतड्याचा तुकडा काढावा लागेल, असंही त्यांनी सांगून ठेवलं होतं.

बाईंनी डॉक्टरांना फोन केला. सूज नसेल तर जुलाब आजाराचे नाहीत, दुसऱ्या कशाचे तरी आहेत, सोमवारपर्यंत मला कारण शोधू द्या, ते सापडलं तर औषध सुरू करू नका, असं त्या म्हणाल्या. डॉक्टर नाइलाजाने हो म्हणाले. हातात चार दिवस होते.

दवाखान्यात सगळे बाईंना 'तराजू' म्हणायचे. पेशंटच्या पोटात जाणारा प्रत्येक घास त्यांना मोजून हवा असे. या पेशंटच्या बाबतीत त्यांना ती काळजी कधी करावीच लागली नाही. तिची थोरली बहीण रोजची वही ठेवायची. काय खाल्लं, किती वेळा पोट बिघडलं, वजन किती. सुंदर अक्षर, एकही दिवस गाळलेला नाही. नातेवाइकांनी अशी वही ठेवावी, म्हणून बाई तिची पानं इतरांना दाखवत.

बाईंनी धाकटीला एकटीलाच बोलावलं.

"प्रोटीनची पावडर कधी घेतेस?"

"सकाळी घरी एक ग्लास. दुपारी कारखान्यात बाटलीतून. ताई दोन्ही सकाळीच कालवून ठेवते."

"चव बदलली आहे का?"

धाकटीने आठवून पाहिलं. "जरा गोड लागते हल्ली. आणि जिभेवर गार. बर्फासारखी नाही, पुदिन्याची गोळी संपल्यावर कसं वाटतं, तशी. ताई म्हणाली, कंपनीने चव बदलली असेल."

बाईंनी पेन खाली ठेवलं. साखरेऐवजी वापरतात त्या काही पावडरी जिभेवर असाच गारवा सोडतात. निरोगी माणसालासुद्धा त्या जास्त झाल्या तर जुलाब होतात. हिच्या आतड्यांना तर त्या वर्ज्यच होत्या.

पावडरीचा डबा धाकटीच्या पिशवीतच होता, बाईंनीच आणायला सांगितला होता. त्यांनी तिच्यासमोर ग्लासभर कालवली. धाकटीने घोट घेतला आणि मान हलवली. ही तशी लागत नव्हती. म्हणजे डबा स्वच्छ होता. जे मिसळलं जात होतं, ते नंतर.

दुसऱ्या दिवशी बाई कारखान्यात गेल्या. सरसाचा वास, कापडाचे गठ्ठे, खिडकीपाशी दाबयंत्र. मालकांना मधुमेह होता. त्यांच्या चहाच्या फळीवर साखरेऐवजी घालायच्या गोड पावडरीची बरणी होती, आणि धाकटीची बाटली रोज तिच्या शेजारीच असायची. धाकटीला दुसऱ्या शहरातल्या संग्रहालयात जुनी हस्तलिखितं दुरुस्त करायचं काम मिळालं होतं. ती गेली, तर मालकांचा उजवा हात जाणार होता.

बाईंनी आडपडदा न ठेवता विचारलं. मालकांना राग आला नाही. ते एवढंच म्हणाले, की मुलीच्या लग्नासाठी मागच्या महिन्यात कारखाना दहा दिवस बंद होता.

त्या दहा दिवसांत धाकटी घरीच होती. आणि सर्वांत जास्त आजारी.

शनिवारी बाईंनी दोघी बहिणींना बोलावलं. टेबलावर वही उघडी होती.

"हे चार दिवस," बाई म्हणाल्या. "रोज पाच वेळा जुलाब, असं लिहिलंय. तेव्हा तुम्ही घरी होतात?"

"मावशीचं ऑपरेशन होतं, तिच्याकडे होते," थोरली म्हणाली. "हिने फोनवर सांगितलं, ते मी लिहिलं."

धाकटीने वही ओढून घेतली. इतक्या वर्षांत तिने ती कधी वाचलीच नव्हती.

"ताई, मी तर तुला फोनवर सांगितलं होतं, की मी एकदम बरी आहे. नदीपर्यंत चालत जाऊन आले, असंसुद्धा सांगितलं होतं."

बाई सावकाश बोलल्या.

"त्या चार दिवसांत पावडर हिने स्वतः कालवली, हे तिने मला आधीच सांगितलंय. डबा तोच होता, पण गारवा लागला नाही आणि पोटही बिघडलं नाही. कारखाना बंद असताना मात्र बिघडलं, म्हणजे मालक नव्हेत. उरतो सकाळचा तुमचा ओटा. ते चार दिवस जसेच्या तसे लिहिले असते, तर मी त्याच आठवड्यात विचारलं असतं, की तुम्ही नसताना ही बरी कशी. म्हणून ते बदलावे लागले." त्या थांबल्या. "आणि काय मिसळायचं, हे तुम्हाला शोधावंही लागलं नाही. टाळायच्या पदार्थांची यादी मीच तुम्हाला लिहून दिली होती."

थोरलीने नाकारलं नाही. ती बाईंकडे नाही, बहिणीकडे बघत होती.

"आठ वर्षं मी तुझ्या पोटाच्या वेळेवर उठले," ती म्हणाली. "नोकरी सोडली. ठरलेलं लग्न मोडलं. आणि एक दिवस तू ते नोकरीचं पत्र घेऊन आलीस. म्हणालीस, मी बरी झाले, जाते. मला वाटलं, थोडी आजारी पडलीस तर राहशील. थोडीच."

"डॉक्टर माझं आतडं कापायचं बोलत होते, ताई. तू माझा हात धरून ऐकत होतीस."



नियमाप्रमाणे बाईंनी डॉक्टरांना लेखी कळवलं. पोलिसांनी जबाब घेतला. धाकटीने खरं तेवढं सांगितलं, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. थोरली मावशीकडे राहायला गेली आणि मनाच्या डॉक्टरकडे जाऊ लागली.

इतरांना दाखवायची ती पानं बाईंनी फाईलमधून काढून टाकली. तेव्हापासून त्या प्रत्येक पेशंटशी आधी एकट्याशीच बोलतात, सोबत आलेलं माणूस कितीही चांगलं असो.

दोन महिन्यांनी धाकटीचा नव्या गावाहून फोन आला. पाच किलो वजन परत आलं होतं. काम आवडत होतं, माणसंही चांगली होती. शेजारच्या टेबलावरची मुलगी पहिल्याच दिवशी तिच्यासाठी पाण्याचा ग्लास भरून घेऊन आली.

"मग?" बाईंनी विचारलं.

"मी तिच्यासमोर तो ओतून टाकला," धाकटी म्हणाली. "ग्लास विसळला आणि स्वतः भरून घेतला. तिला फार वाईट वाटलं, मॅडम. मी असं का केलं, ते मला सांगता आलं नाही."