ऊटा

"उठा... उठा हितून. तुमची पंगत मागून बसंल."

लुंबिनी आठ वर्षांची असताना ऐकलेला हा आवाज. नांदेडजवळच्या एका खेड्यातलं लग्न होतं. पत्रावळीवर नुकताच भात पडला होता, वरण यायचं होतं, आणि आईनं तिचा हात धरून तिला उठवलं होतं. आवाज कुणाचा, ते तिला कधीच कळलं नाही. त्या भाताची वाफ मात्र अजून आठवते... आणि तो शब्द.

म्हणून गेल्या वर्षी तळ्याकाठी, वाऱ्यावरून तोच शब्द आला, तेव्हा तिनं वळूनही पाहिलं नाही.

देवणी तालुक्यातल्या आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून तिची नेमणूक होऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. त्या सकाळी दार उघडलं, तर गावात चिटपाखरू नाही. दुकानं बंद, ओसऱ्या रिकाम्या. येळवस होती. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला इकडचं घरन्‌घर कुलूप लावून रानात जेवायला जातं, हे नांदेडच्या पोरीला कोण सांगणार? बारापर्यंत पेशंटची वाट पाहून तिनं डबा उचलला आणि तळ्यावर गेली. पाणी निवांत होतं, काठाला करडई पिवळी झाली होती. बाभळीखाली बसून तिनं पोळीचा पहिला घास मोडला, तोच पलीकडच्या बांधावरून एका बाईची हाक आली.

"उठा! ...उठा!"

घास हातातच राहिला. तिनं डबा झाकला, ओढणी सावरली, चपला पायात सरकवल्या. दहा पावलं गेली नसेल, तोच हरभऱ्यातून कुणीतरी धावत आलं. धापा टाकत, पँट पोटऱ्यांपर्यंत दुमडलेली.

"ओ बाई! पळायलात का?"

"जाते ना. तुमची जागा आहे, माहीत नव्हतं मला."

"जागा? अहो, आई जेवायला बोलवायली, अन् तुम्ही डबा झाकून निघाल्या!"

"त्या उठा म्हणाल्या."

तो गोंधळला. मग असा हसला, की काठावरचे बगळे उडाले. "उठा न्हाई ओ... ऊटा! कानडीत जेवण. घरात कानडी चालती आमच्या. आज रानाजवळून कुणी उपाशी जाऊ द्यायचं नसतं."

लुंबिनीही हसली. हसता हसता मधेच तिनं प्यायला पाणी मागितलं. त्याला वाटलं, तहान लागली असेल.

त्यांच्या कोपीपर्यंत, रानातल्या खोपटापर्यंत, मात्र ती गेली नाही. "इथंच बरी," म्हणाली. मग त्यानंच द्रोणातून भज्जी आणून दिली. तुरीचे, वाटाण्याचे दाणे अन् पालेभाज्या बेसनात रटरटून शिजवलेल्या. तिनं ती बाभळीखाली एकटीनं खाल्ली. बोटं चाटली, तेव्हा तो लांबून बघत होता.

त्याचं नाव अमरेश. तळ्याला लागून असलेल्या त्यांच्या तुकड्यावर त्यानं चार तंबू लावले होते. शनिवार-रविवारी लातूरची कॉलेजची पोरं मुक्कामाला यायची. पोरं परतली, की लुंबिनी फिरायला यायची. निदान ती तरी फिरायला येते असंच म्हणायची.

"या सिस्टर, चहा टाकलाय."

"सिस्टर म्हणू नका मला."

"अख्खं गाव म्हणतंय."

"गावाला म्हणू द्या. तुम्ही नका."

अमरेशच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चहा उतू गेला.

चालता चालता तिनं दोन शब्द उचलले. बेकु म्हणजे हवं, बेडा म्हणजे नको. चहा बेकु? बेकु. अजून एक कप? बेडा. तेवढ्यावर त्यांच्या तळ्याभोवतीच्या फेऱ्या लांबत गेल्या.

श्रावणात एका भुरभुरत्या संध्याकाळी तंबूची खुंटी ठोकताना तो मान वर न करताच म्हणाला, "लुंबिनी... मला तू बेकु. अन् तुला मी? बेकु का बेडा, एवढंच सांग."

तिच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते तिथंच धरलं.

"आधी घरी सांगा. मग सांगते."

"आईला तू आवडतीस."

"त्यांना ताप बघणारी सिस्टर आवडते. बाबासाहेबांचा, बुद्धाचा फोटो असलेल्या घरातली सून आवडेल का, ते विचारा."

हातोडी थांबली. बांध फुटावा तशी बडबड करणारा हा माणूस पहिल्यांदाच गप्प झाला होता, आणि ती शांतता लुंबिनीनं चार महिने उशाला घेतली. पोळ्याला सांगतो. दसऱ्याला सांगतो. शेवटी, "येळवसंला सांगतो. तू ये... कोपीत ये."

आणि आज येळवस.

कडब्याच्या पेंढ्यांची कोप तळ्याकडं तोंड करून उभी होती. आत चुना लावलेले पाच पांडवांचे दगड, शेजारी ताक-ज्वारीच्या आंबिलीची छोटी घागर, बिंदगं. अमरेशचे वडील, वीरण्णा, पिकावर आंबील शिंपडत लांब ज्वारीत येळवशीच्या आरोळ्या देत होते. लुंबिनी कोपीच्या तोंडाशी, अर्धी आत अर्धी बाहेर, घोंगडीच्या काठावर टेकली. चपला तिनं हाताशीच ठेवल्या होत्या.

अमरेश पाणी द्यायच्या निमित्तानं वाकला. "सकाळीच सांगितलं."

"मग?"

"आईनं भज्जी ढवळली."

"म्हणजे?"

"म्हणजे... भज्जी ढवळली. बोलली कायच न्हाई."

"आणि बाबा?"

"ते तवापासून आंबीलच शिंपडायलेत. तिसरी फेरी हाय."

तिला हसू यायला हवं होतं. तिनं मात्र चपला अजून जवळ ओढल्या.

तेवढ्यात अमरेशची आई, जगदेवीकाकू, आतून समोर आल्या. हातात पळी, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, कपाळाला भस्म. त्यांनी लुंबिनीकडं पाहिलं. मग तिच्या चपलांकडं.

"ऊठ."

आज वारा नव्हता. ठ स्पष्ट ऐकू आला.

भाताची वाफ नाकाशी आली. लुंबिनी उठली. चपलेत एक पाय गेलाही.

"आई—" अमरेश पुढं झाला.

"तू गप रे." काकूंनी पळीनंच त्याला मागं सारलं. "यव्वा... पोरी, चप्पल काढ. ती जागा वाटसरूची हाय. आत ये, बिंदग्यापाशी बस."

लुंबिनीचा पाय चपलेतच राहिला. काकूंनीच दंडाला धरून तिला आत घेतलं, शेजारी बसवलं. पळी चाचपत राहिल्या.

"गेल्या साली बांधावरनं बघितलं मी. ऊटा म्हणलं, अन् तू डबा झाकलास. हा गधडा हसला. मला न्हाई आलं हसू." त्यांचा आवाज खाली आला. "कुणीतरी कवातरी जेवणावरनं उठवल्याबिगर माणूस असं उठत न्हाई. तवाच समजलं मला, तू कोण ते. तवाच हाताला धरून आणायला पायजे होतं. लोक काय म्हणतील म्हणून... पोराच्या हाती द्रोण पाठवला. ती भज्जी वरीसभर गळ्यात अडकून हाय माझ्या."

बाहेर आरोळी थांबली होती. वीरण्णा ज्वारीत उभे राहून इकडंच बघत होते. येतही नव्हते, जातही नव्हते.

"त्यांना येळ लागंल," काकू म्हणाल्या. "भावकीला त्याहून जास्त. लागू दे." त्यांनी पेला भरला. "आंबील बेकु का बेडा?"

लुंबिनीनं पेला दोन्ही हातांनी घेतला. कोपीच्या तोंडाशी अमरेश उभा होता, श्रावणात खुंटी ठोकताना मान खाली होती, आज वर.

"बेकु," ती म्हणाली.

"अगं, तिकडं का बघतीस? आंबील इकडं हाय."

"आंबीलही बेकु, काकू," लुंबिनी म्हणाली. तिनं नजर मात्र काढली नाही. "पण हे आधी त्यांना सांगायचं राहिलं होतं. श्रावणापासून... अमरेश, बेकु."