चाकामागचा दगड

ट्रकला परक्याचा हात लागू द्यायचा नाही, हा मुंजाजीचा नियम होता. तो गेल्यावर त्याच्या धाकट्या भावाने, शिवहारने नियम तेवढा उचलला, पण हातची कला अशी उचलता येत नाही. इंजिनच्या झाकणाखालची पट्टी, हेड गॅस्केट, त्याने मोबाइलवर बघून अंगणातच बदलली आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळा होऊन गोरेगावहून सेनगावकडे गाडी चालवून बघायला निघाला.

चढावर इंजिन फसफसायला लागलं. मागे पांढरा धूर, तापमानाचा काटा वर चढलेला. चढावरच बंद पडलेल्या एका धाब्यासमोर त्याने ट्रक थांबवला. उन्हं कलली होती, दोन्हीकडे तूर उभी होती आणि वारा अजिबात नव्हता.

इंजिन निवल्यावर त्याने रेडिएटरचं झाकण काढलं. पाणी बरंच उतरलं होतं, आणि मग आपली चूक त्याच्या ध्यानात आली. नवी गॅस्केट एकदा तापवायची, निवू द्यायची आणि बोल्ट पुन्हा आवळायचे. मुंजाजी आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर तंबाखूच्या डबीतला चुना बोटाने टेकवायचा, म्हणजे एकही सुटत नसे. शिवहार तो दुसरा फेराच विसरला होता.

विसरणं हा त्याचा जुना रोग. तीन वर्षांपूर्वी मुंजाजी याच ट्रकखाली असताना गाडी मागे सरकली आणि तो गेला. चाकामागचा दगड निसटला, असं शिवहारने साऱ्या गावाला सांगितलं. निसटायला दगड होता कुठे? तो लावायचाच राहिला होता. तेव्हापासून वहिनीच्या हातची भाकरी त्याच्या घशाखाली धड उतरत नसे.

त्याने मधल्यापासून कडेपर्यंत सगळे बोल्ट आवळले. तेवढ्यात यशोदावहिनीचा फोन आला.

"काहून उशीर होऊन राहिला, भाऊजी?"

"इंजिन तापलं वहिनी. येतोच."

"चाकाला दगड लावला का?"

गाडी थांबली की तिचा हा एकच प्रश्न असे. "व्हय, लावला," तो सवयीने म्हणाला. फोन ठेवून पाना घेतला आणि सरळ खाली शिरला.

ऑइलमध्ये पाणी गेलं असेल तर ते तळाशी बसतं. म्हणून खालचा नट सैल करायचा आणि आधी काय गळतं ते बघायचं. नट हलेना. त्याने दोन्ही हातांनी हिसका दिला...

ट्रक कुरकुरला. पुढचं चाक मागे आलं. वीतभर... मग आणखी थोडं. रबराचा वास नाकात भरला आणि शिवहारच्या सदऱ्याची बाही चाकाखाली गेली.

कुठेतरी 'खट्' झालं आणि ट्रक थांबला.

बाही फाडून तो बाहेर आला. मागच्या चाकामागे हातभर काळा दगड बसलेला होता. मऊ मातीत त्याच्या स्वतःच्या चपलांखेरीज एकही पाऊल नव्हतं. दगडावर मधोमध बोटाएवढा पांढरा ठिपका होता. शिवहारने हात लावला. चुना ओला होता.

तो तिथेच बसला आणि लहान लेकरासारखा रडला. मग त्याने वहिनीला फोन लावला. आज नाही बोललो तर कधीच बोलणार नाही, हे त्याला कळून चुकलं होतं.

"वहिनी... त्या दिवशी दगड निसटला न्हवता. म्या लावलाच न्हवता."



"ठाव हाय," ती हळूच म्हणाली. "त्यायनं सांगितलं."

"कुनी?... कवा?"

"आत्ताच. डबीतला चुना सरला म्हणून घरी आलेत. ओट्यावर बसून राहिले."

आणि फोनमधून, तिच्या आवाजाच्या मागे, तळहातावर तंबाखू थोपटल्याचा आवाज आला. दोनदा.